पारावरची सुतळी

शाळेच्या मागच्या अंगणातला पिंपळाचा पार बहुतेकांना डबा खायची जागा म्हणून आठवत असेल. मला तो १५४ चौरस फूट म्हणून आठवतो.

१९८८ साल, आमची दहावी. पारावरचा कोबा उखडला होता आणि तिथे शहाबादी फरशी बसवायचं चाललं होतं. भूमितीच्या तासाला सर आम्हाला बाहेर घेऊन गेले. पार गोल, मधे खोडाभोवती मातीचं गोल आळं, त्यालाही दगडी कड. फरशी बसणार ती या दोन वर्तुळांमधल्या कंकणात. सरांनी खिशातून सुतळीचा गुंडा काढला. एक टोक माझ्या हातात, दुसरं माझ्या बाकावरच्या मित्राच्या. आम्ही बाहेरच्या कडेवर उकिडवे बसलो आणि सुतळी आळ्याच्या कडेला जेमतेम चाटून जाईल अशी सरकवत आणली. “ताण,” सर म्हणाले. बोटाला सुतळीचा वळ उठेपर्यंत मी ताणली. सरांनी टेप लावला. चौदा फूट.

“आता फरशी किती चौरस फूट लागेल?”

“सर, त्रिज्या?”

“मोजमाप एवढंच. शुक्रवारी सांगा.”

त्रिज्या मोजायची तरी कुठून, केंद्र पिंपळाच्या खोडात! वर्गातल्या हुशार मुलांनीसुद्धा गणितात माहिती कमी आहे असं ठरवून टाकलं. मला मात्र राहवेना. सर कधी अर्धवट गणित घालत नसत.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं वह्या घेऊन ठाण्याच्या तलावपाळीवर जाऊन बसलो. कौपिनेश्वराकडे जाणाऱ्यांची गर्दी, भेळवाल्यांच्या गाड्या, आणि आमच्या वहीत वर्तुळात वर्तुळ. त्रिज्या दिलेली नाही, तर आपणच धरू, असं शेवटी ठरलं. मी आळ्याची त्रिज्या ४ फूट धरली, त्याने ३. पुढचं आम्हाला येत होतं. सुतळी आतल्या वर्तुळाची स्पर्शिका, म्हणून स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या तिला लंब. तीच सुतळी बाहेरच्या वर्तुळाची जीवा, आणि केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, म्हणजे अर्धी सुतळी ७ फूट. काटकोन त्रिकोण तयार. माझ्याकडे १६ अधिक ४९, म्हणजे ६५, वर्गमूळ ८.०६. त्याच्याकडे ९ अधिक ४९, म्हणजे ५८, वर्गमूळ ७.६२. मग मोठ्या वर्तुळातून लहान वजा. माझं उत्तर आलं १५३.८९, त्याचं १५४.२०.

त्रिज्या निराळ्या आणि उत्तरं इतकी जवळ? आधी वाटलं, कुणीतरी चुकलं. पुन्हा केलं, तेच आलं. त्याने आळ्याची त्रिज्या २ धरून पाहिली, पुन्हा एकशे चोपन्नच्या आसपास. तेव्हा माझं लक्ष माझ्याच खाडाखोडीकडे गेलं. ६५ चं वर्गमूळ काढण्यात मी अर्धं पान घालवलं होतं, आणि पुढच्याच ओळीत त्याचा पुन्हा वर्ग केला होता. मूळ काढायचंच कशाला? ६५ वजा १६, ४९. त्याचे ५८ वजा ९, ४९. दशांशातला फरक आमच्या वर्गमुळांनी आणलेला होता. कंकणाला दोन त्रिज्या लागतच नव्हत्या. त्यांच्या वर्गांमधली वजाबाकी लागत होती, आणि ती अर्ध्या सुतळीच्या वर्गाएवढीच. ४९ गुणिले बावीस सप्तमांश, १५४. त्या क्षणी अंगावर आलेला काटा मला आजही आठवतो.

शुक्रवारी सरांनी फळ्यावर मांडायला सांगितलं. मग एवढंच विचारलं, “आळं लहान होत होत टिंबाएवढं झालं तर?” सुतळी मग व्यासच झाली, आणि ७ फूट त्रिज्येचं आख्खं वर्तुळ फरशीचं. तेवढंच क्षेत्रफळ.

पुढे आयटीआय करून मी वागळे इस्टेटमध्ये लागलो. पाइपांच्या सांध्यात बसणारी गोल गॅस्केट कापण्यात बत्तीस वर्षं गेली, म्हणजे आयुष्यभर कंकणंच. बऱ्याच वर्षांनी कळलं की आर्मेनियातल्या मॅमिकॉन म्नात्साकानियान या गणितज्ञाने १९५९ साली, विद्यार्थी असतानाच, हेच पायथागोरसशिवाय पाहिलं होतं. घरी करून बघा. कागदावर वाटी उपडी ठेवा, पेन्सिलीचं एक टोक वाटीच्या कडेला टेकवून पेन्सिल स्पर्शिकेसारखी धरा आणि वाटीभोवती फिरवा. फेरी पूर्ण होईतो पेन्सिल एक कंकण झाडून काढते आणि स्वतः बरोबर एक गिरकी घेते. आता वाटी उचला आणि तीच गिरकी एका जागी टोक रोवून घ्या. पेन्सिलीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ होतं. दोन्ही क्षेत्रफळं सारखी, मग वाटी आमटीची असो की चटणीची. मुलीला हे दाखवलं तेव्हा तिने घरातल्या सगळ्या वाट्या काढल्या होत्या.

सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीला मागच्या महिन्यात शाळेत गेलो. सोबत तोच मित्र. पाराला दोन्ही कडांनी नवा गिलावा झालाय. मी सुतळी नेलीच होती. दोघं पुन्हा उकिडवे बसलो, या वेळी गुडघ्यांवर हात टेकून. चौदा फूट तीन इंच. हिशेब केला: साधारण १५९.५. जेमतेम इंचभर गिलाव्याने पाराला साडेपाच चौरस फूट वाढवून दिले.

सर आता डोंबिवलीला मुलाकडे असतात. पारावरूनच त्यांना फोन लावला, आकडा सांगितला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “ताणून धरली होतीस ना?”