220 ची रेघ

मटेरियल्स केमिस्ट्रीच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाची मी सहयोगी संपादक आहे. नोकरी पुण्यातल्या प्रयोगशाळेत आणि संपादनाचं काम सकाळी लवकर किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर. ऑक्टोबर लागला की आमच्याकडे वर्षअखेरच्या निवडीची लगबग सुरू होते. वर्षभरात छापलेल्या पेपरांपैकी कोणते वाचकांपुढे पुन्हा ठेवायचे, याची यादी प्रत्येक संपादकाने द्यायची असते. 2025 ची यादी करायला मी 8 ऑक्टोबरची, बुधवारची दुपार मोकळी ठेवली होती. सोडियम-आयन बॅटऱ्या होत्या, पेरोव्हस्काइटचे सौरघट होते, हायड्रोजनसाठीचे उत्प्रेरक होते. सगळीकडे आधीच्यापेक्षा मोठा आकडा. आमच्या क्षेत्रात पेपराच्या पहिल्या परिच्छेदात ‘आजवरचा सर्वाधिक’ हे शब्द आले की वाचणारा सावरून बसतो.

यादीशेजारीच एक निर्णय कितीतरी दिवस लटकलेला होता. एका लहान गटाचा पेपर, विषय यूआयओ-66. ही झिर्कोनियमची सच्छिद्र चौकट, धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या ‘एमओएफ’ या प्रकारातली. ओस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ती जाहीर केली आणि पाण्याला, उष्णतेला दाद देत नाही म्हणून ती जगभर पसरली. सहा झिर्कोनियम अणूंचे पुंजके आणि त्यांना जोडणारे टेरेफ्थॅलिक आम्लाचे दुवे, अशी तिची रचना. आत पोकळ्याच पोकळ्या. एका ग्रॅम पांढऱ्या पावडरीत दहा गुंठ्यांहून जास्त पृष्ठफळ, म्हणजे पोकळ्यांच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ, दडलेलं असतं.

प्रश्न होता तो नेमकं किती दडलेलं असतं याचा. प्रकाशित पेपर चाळले तर कुणाचं 1000 चौरस मीटर प्रतिग्रॅम, कुणाचं 1600. नाव एकच, पदार्थ एकच. या गटाचं म्हणणं असं की या फरकातला काही भाग खरोखर पदार्थातला आहे आणि काही भाग निव्वळ आकडेमोडीतला, आणि दोन्ही वेगळे काढून दाखवता येतात. त्यांच्या सगळ्यात निर्दोष नमुन्याचं पृष्ठफळ 1200 च्या आसपास होतं.

पेपर तपासणाऱ्या दोन्ही तज्ज्ञांनी, म्हणजे रेफरींनी, तो नाकारायला सांगितलं होतं. पहिल्याने लिहिलं की यात नवीन काही नाही, चौकटीत दुवे गहाळ असतात हे ठाऊकच आहे. दुसऱ्याचा आक्षेप जास्त टोकदार होता: नमुन्यांचं सक्रियीकरण, म्हणजे छिद्रं रिकामी करणं, धड झालेलं नाही, छिद्रांत डायमिथाइलफॉर्मामाइड हा द्रावक अडकून राहिलाय, म्हणून आकडा कमी आलाय. असं घडतं, यात शंका नाही. या चौकटी ज्या द्रावकात तयार होतात तो आत भरून राहतो. तो मेथॅनॉल किंवा ॲसिटोनने धुऊन, मग निर्वातात तापवून बाहेर काढावा लागतो. घाई केली तर काही चौकटी कोसळतातही. एमओएफ-5 या चौकटीचं उदाहरण आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. या पदार्थाचं पृष्ठफळ कुणाला 1000 च्या खाली मिळत होतं. 2007 मध्ये हवेचा आणि ओलाव्याचा स्पर्श न होऊ देता तो हाताळला गेला, तेव्हा 3800 मिळालं. तेव्हा आकडा कमी आला की करणाऱ्याच्या हाताकडे बोट जातं.

दोन नकार आले की संपादकाने पेपर परत पाठवायचा, हा रिवाज. मी पाठवला नव्हता, कारण या मुलांनी सोबत सगळ्या मोजण्यांच्या मूळ फायली जोडल्या होत्या. प्रत्येक खेपेची, अगदी फसलेल्या खेपेचीही. असं फार कमी जण करतात.

त्या दुपारी आधी औष्णिक पृथक्करणाची फाईल उघडली. यात नमुना हवेत हळूहळू तापवत वजन मोजत जातात. पाचशे अंशांच्या आसपास दुवे जळून जातात आणि शेवटी फक्त झिर्कोनियम ऑक्साइड उरतं. त्या उरलेल्या राखेचं वजन 100 धरलं, तर एकही दुवा गहाळ नसलेल्या चौकटीचं, पाणी निघून गेल्यानंतरचं आणि दुवे जळण्याआधीचं वजन 220 यायला हवं. साधा हिशोब आहे, कागदावर करता येतो. त्यांनी आलेखावर 220 ला आडवी तुटक रेघ मारली होती. एका खेपेची वक्ररेषा त्या रेघेला जवळजवळ टेकून आडवी चालत होती. बाकीच्या खेपा, ज्यांत स्फटिक सुबक यावेत म्हणून आम्ल घातलं होतं, त्या रेघेच्या बऱ्याच खाली राहत होत्या. म्हणजे त्यांतले दुवे गहाळ होते. आणि पृष्ठफळ सगळ्यात मोठं होतं ते याच खेपांचं! दुवे गळाले की वजन घटतं, पोकळी वाढते, दर ग्रॅमचा आकडा फुगतो. ज्या आकड्याला आम्ही ‘उत्तम नमुना’ म्हणत आलो, तो सर्वाधिक सदोष चौकटीचा होता.

अडकलेल्या द्रावकाच्या आक्षेपाचं उत्तरही फायलींत होतं. नमुना अल्कलीत विरघळवून त्यांनी एनएमआर, म्हणजे आतले रेणू ओळखणारा वर्णपट, काढला होता आणि त्यात डायमिथाइलफॉर्मामाइडचा मागमूस नव्हता. हा आलेख पुरवणी माहितीच्या शेवटच्या पानांवर होता. दुसरा रेफरी तिथवर पोचला नसावा.

मग नायट्रोजनचे आयसोथर्म घेतले. नमुना उणे 196 अंशांना, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात आणि नायट्रोजन वायू थोडाथोडा सोडत किती शोषला गेला ते मोजतात. त्यावरून पृष्ठफळ काढायचं समीकरण ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी 1938 मध्ये दिलं. ते वापरताना आलेखाचा कोणता तुकडा घ्यायचा, हे आपण ठरवतो. पाठ्यपुस्तकी सवय सापेक्ष दाब 0.05 ते 0.30 चा तुकडा घेण्याची. पण इतक्या बारीक छिद्रांची चौकट त्याआधीच जवळपास भरलेली असते. मी त्यांचे बिंदू माझ्या संगणकावर पुन्हा मांडले. सवयीचा तुकडा घेतला की समीकरणातला सी हा स्थिरांक ऋण येत होता, ज्याला भौतिक अर्थच नाही, आणि पृष्ठफळ बरंच कमी निघत होतं. सी धन राहील असा खालच्या दाबाचा तुकडा घेतला की सगळं जागेवर बसत होतं. फाईल तीच, नमुना तोच, आणि उत्तरांत शेकडो चौरस मीटरचं अंतर.

तेवढ्यात दार ढकलून माझी विद्यार्थिनी आत आली. ‘मॅडम, लागलं! एमओएफला लागलं!’

सव्वातीन वाजले होते. स्टॉकहोमहून थेट प्रक्षेपण चालू होतं. परवाच कोजागिरीला गच्चीवर आटवलेलं दूध प्यायलेली सगळी पोरं एका लॅपटॉपभोवती गोळा झाली होती. क्योटोचे सुसुमू कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन, बर्कलीचे ओमार याघी. माझं निम्मं आयुष्य ज्या पदार्थांत गेलं त्यांना नोबेल. डोळे भरून आले, आणि पोरांपुढे ते लपवावंसं वाटलं नाही.

मला त्यातून सगळ्यात जास्त आठवत राहिले ते रॉबसन. 1974 मध्ये विद्यार्थ्यांना शिकवायला लाकडी गोळ्यांचे रेणू करायचे होते. अणूंचे बंध ज्या दिशांना असतात त्या दिशांनी त्यांनी गोळ्यांना भोकं पाडून घेतली. काड्या खोचताना त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागांतच रचना ठरलेली आहे. त्या विचाराचा पेपर 1989 मध्ये आला. तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू, हिऱ्यासारखी मांडणी, आत प्रचंड मोकळी जागा. त्या चौकटी नाजूक होत्या, बऱ्याच जणांना त्या निरुपयोगी वाटल्या. कितागावांनी 1997 मध्ये वायू आतबाहेर ये-जा करतो हे दाखवलं, याघींनी 1999 मध्ये एमओएफ-5 आणला आणि मग क्षेत्राला पूर आला.

साडेचारला मुख्य संपादकांचा व्हिडिओ कॉल. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्यांचा प्रस्ताव सरळ होता: वर्षअखेरच्या निवडीत सच्छिद्र चौकटींचा वेगळा विभाग करू, प्रत्येकाने आपापल्या हातातले सर्वांत ठळक पेपर सांगावेत. मी दोन छापील पेपर सुचवले आणि मग या लटकलेल्या पेपराबद्दल बोलले. नोबेल मिळालेल्या क्षेत्राच्या नियतकालिकाने या वर्षी पुनर्मोजणीचा पेपर नाकारू नये, असं स्पष्ट सांगितलं.

माझ्या म्हणण्याला आधार होता. 2022 मध्ये ‘ॲडव्हान्स्ड मटेरियल्स’मध्ये एक पेपर आला होता. त्यात आधीच मोजलेले 18 आयसोथर्म 61 प्रयोगशाळांना पाठवून पृष्ठफळ काढायला सांगितलं होतं. बिंदू सगळ्यांना तेच, उत्तरं मात्र मोठ्या अंतराने वेगवेगळी. 2024 मध्ये दहा प्रयोगशाळांनी मिळून झिर्कोनियम-पॉर्फिरिनच्या पीसीएन-222 या एमओएफचं संश्लेषण करून पाहिलं, तर दहांतला एकच नमुना शुद्ध आणि योग्य रचनेचा निघाला. आणि 2023 चा उन्हाळा कोण विसरेल? कोरियातून एलके-99 हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक, म्हणजे वीज विनाअडथळा वाहून नेणारा, असल्याचा दावा आला, जग वेडं झालं, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह ठिकठिकाणच्या लोकांनी भट्ट्या पेटवून तो पुन्हा करून पाहिला, म्हणून काही आठवड्यांत कळलं की दावा टिकत नाही. या लोकांच्या नावावर शोध लागत नाही, पण त्यांनी केलं नसतं तर आम्ही छापलेल्या कशावर विश्वास ठेवायचा?

मुख्य संपादक थोडा वेळ गप्प राहिले. ‘वाचकांना यातून काय मिळेल?’ त्यांनी विचारलं. त्यांचं ते कामच आहे. मी पडद्यावर 220 ची रेघ दाखवली. बोलण्यापेक्षा त्या आलेखाने जास्त काम केलं. तिसरा रेफरी नेमायचं ठरलं, आणि तो आकडेमोड स्वतः करून बघणारा असावा ही माझी अट मान्य झाली.

तिसऱ्या रेफरीने मूळ फायली मागवल्या, स्वतःच्या पद्धतीने पृष्ठफळं काढली आणि छोटासा अहवाल पाठवला. त्यांची उत्तरं लेखकांच्या उत्तरांशी जुळत होती. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: प्रत्येक आयसोथर्म एआयएफ या सामायिक स्वरूपात द्यावा, म्हणजे कोणत्याही यंत्रावरचे बिंदू कुणालाही उघडता येतील. हे स्वरूप 2021 पासून उपलब्ध आहे, तरी वापरणारे थोडे. पुढच्या वर्षीपासून लेखकांसाठीच्या आमच्या सूचनांत ते घालावं, असं मी लिहून दिलं आहे.

स्वीकृतीचं पत्र मी पाठवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लेखकांतल्या ज्येष्ठ बाईंचं उत्तर आलं. आभार एका ओळीत होते. बाकी पत्र विनंतीचं होतं: जागेअभावी फसलेल्या खेपेचा आलेख पुरवणीत ढकलायला आम्ही सुचवलं होतं, तो कृपया मुख्य पेपरातच ठेवावा, कारण ज्याला तसाच निकाल येईल त्याला तो आधी दिसायला हवा. मी त्याच दिवशी निर्मिती विभागाला कळवलं. तो आता चौथी आकृती आहे, पानाच्या पूर्ण रुंदीची.