चारी अकरा दिवसांत मोकळी झाली, कागदाला चौदा महिने लागले

"चारी होती हे आधी सिद्ध करा."

समोरच्या भाऊसाहेबांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला क्षणभर वाटलं, गंमत करताहेत. ज्या चारीत, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांपर्यंत नेणाऱ्या पाटात, लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोहलो, जिच्या भरावावरून शाळेत गेलो, ती होती याचा पुरावा मी द्यायचा होता. मागत कोण होतं, तर ज्या सरकारने ती खणली त्याचंच एक कार्यालय. कोणतं ते लिहीत नाही. अजून तिथे एक काम अडकलेलं आहे.

आमची चारी साडेपाच किलोमीटरची. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराचं काम म्हणून खणली गेली. आमच्या आजीने तिथे पाट्या वाहिल्यात आणि सुकडी खाल्लीय. पुढे वीस-एक वर्षं पाणी नीट आलं. मग वरच्या अंगाला मोटारी बसल्या, गेट मोडलं, गाळ साचला. आम्ही टेलचे, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचे, पुच्छ भागातले. आमच्या शेवटच्या आउटलेटला 1994 नंतर थेंब आला नव्हता. चारीत वेडी बाभूळ आणि बेशरम माजली होती. मधल्या नऊशे मीटरमध्ये तर काहीच उरलं नव्हतं, कारण लोकांनी भराव सपाट करून ती शेतात ओढून घेतली होती.

2021 च्या दिवाळीनंतर आम्ही सात-आठ जण उठलो. पहिल्यांदा वाघाडला जाऊन आलो. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणावर 1991 च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. सुरुवात केली ती पाणी न पोचणाऱ्या टेलच्या शेतकऱ्यांनीच. पुढे सगळ्या धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हातात आला. तिकडून परतताना जीपमध्ये कोणी फारसं बोललं नाही. आमच्यातले तात्या तेवढे म्हणाले, "मोजून घेतात राव. मोजून." पाणी मोजून घ्यायचं आणि जेवढं घेतलं तेवढ्याचेच पैसे भरायचे, हे त्यांना भाषणाने पटलं नसतं. गेजवरचे आकडे बघून पटलं. म्हणून सांगतो, गावात बैठका घेत बसू नका, लोकांना गाडीत घालून चालती संस्था दाखवून आणा. डिझेलचे पैसे वसूल होतात.

पुढचं भराभर झालं. शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा 2005 चा कायदा आहे, त्याखाली संस्था झाली. शीर्ष, मध्य, पुच्छ अशा तिन्ही भागांतून संचालक निवडले. जुनी पाणीपट्टीची थकबाकी थोडी ओरड करत, थोडी हसत लोकांनी भरली. त्रास झाला तो खातेदारांच्या सह्यांचा, कारण निम्मे सातबारे वारलेल्या आजोबांच्या नावावर. आधी वारसनोंदी करून घ्या, मग संस्थेच्या मागे लागा. आम्ही उलटं केलं आणि तीन महिने घालवले.

मग संयुक्त पाहणी. शाखा अधिकारी, कालवा निरीक्षक आणि आम्ही, गेटपासून टेलपर्यंत पायी. प्रत्येक साखळी क्रमांकाला, म्हणजे गेटपासून मोजलेल्या मीटरच्या खुणेला, काय मोडलंय, काय दुरुस्त करायचं, याची यादी. मी ती आजही कधी कधी काढून वाचतो. "सा.क्र. 2400 ते 3300 : जागेवर चारी आढळून आली नाही." एवढी एक ओळ. तिच्यापायी चौदा महिने गेले.

जेसीबी लावायचा तर जागा सरकारची आहे हे माहीत हवं. सातबाऱ्यावर मात्र त्या नऊशे मीटरमधलं क्षेत्र पूर्ण शेतकऱ्यांच्या नावे. चारी खणली, संपादन झालं, मोबदला दिला गेला, पण कमी-जास्त पत्रक कोणी केलंच नाही, त्यामुळे सातबाऱ्यावरून क्षेत्र वजा झालं नाही. हे एकट्या आमच्या गावचं दुखणं नाही, जुन्या कालव्यांच्या गावांत विचारा. त्या मधल्या पट्ट्यात शेत असलेल्या अण्णांनी आम्हाला बांधावरच अडवलं. "माझ्या उताऱ्यावर पूर्ण क्षेत्र आहे. आमच्या म्हाताऱ्याला एक पैसा मिळालेला नाही. चारी कुठाय, दाखवा." माणूस भांडखोर नव्हे. त्यांच्या हातातल्या कागदाप्रमाणे ते बरोबरच होते.

मोजणीचा अर्ज केला. तिथे म्हणाले, भूसंपादनाचा निवाडा (कोणाची किती जमीन घेतली, किती मोबदला दिला तो आदेश) आणि नकाशा आणा, मग हद्द दाखवतो. पाटबंधारेच्या उपविभागात गेलो, तर निवाडा प्रांताकडे असतो. प्रांत कार्यालयात कळलं, इतकं जुनं दप्तर जिल्ह्याला पाठवलंय. जिल्ह्याला आधी "अर्ज द्या", मग "पुढच्या आठवड्यात या", मग "ते भाऊसाहेब रजेवर आहेत", आणि शेवटी ते वरचं ब्रह्मवाक्य.

मी अकरा वेळा गेलो. एसटीने जायला अडीच तास. चौथ्या खेपेला मला त्या खोलीतल्या पंख्याचा आवाज पाठ झाला होता. टक, टक, मग थोडा थांबून टक. सहाव्या खेपेला मी ओरडलो. भाऊसाहेबांनी शांतपणे पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "तुमच्या गावाच्या नावाने नोंदवहीत काहीच नाही हो. नसलेला कागद मी कुठून देऊ?" त्या दिवशी परतताना मी काम सोडायचं ठरवलं होतं. घरी सांगितलंही. बायको म्हणाली, "सोडा. पण वर्गणी दिलेल्यांना तुम्ही जाऊन सांगा, मी नाही सांगणार."

इथे एक सांगायचं राहिलं. कार्यालयात काहीही द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय उठू नका. माझे पहिले दोन अर्ज तोंडी "ठेवा इथे" वर ठेवले होते. ते अर्ज झालेच नव्हते, असं पुढे मलाच ऐकवण्यात आलं.

माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तिसाव्या दिवशी उत्तर: "अभिलेख आढळून येत नाही." पहिलं अपील केलं. त्यात सार्वजनिक अभिलेख कायद्याचा उल्लेख घातला. सरकारी कागद परवानगीशिवाय नष्ट करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कागद द्या असं न म्हणता, मला दप्तर स्वतः बघू द्या अशी मागणी केली. ही अक्कल मला पहिल्या दिवशी असती तर! प्रत मागितली की "नाही" म्हणून सुटता येतं. पाहणी मागितली की कपाट उघडावं लागतं. अपिलात पाहणीचा आदेश झाला.

जायच्या आदल्या संध्याकाळी पाटकरी बाबांकडे गेलो. ते या चारीवर पाणी सोडणारे शेवटचे पाटकरी, आता डोळ्यांनी अधू. त्यांना सगळं रामायण सांगितलं. बाबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "कोणत्या गावाच्या नावाने शोधतोस?"

"आपल्या."

"तेव्हा आपलं गाव होतं कुठं? आपण वाडी होतो. पलीकडच्या गावची."

मी जिथे बसलो होतो तिथेच डोक्याला हात लावला. आमची वाडी स्वतंत्र महसुली गाव झाली ती नंतर. चारी खणली तेव्हा सगळे कागद मूळ गावाच्या नावाने. इतके महिने मी ज्या नावाने शोधत होतो, ते नाव तेव्हा दप्तरात जन्मालाच आलं नव्हतं. भाऊसाहेब खोटं बोलत नव्हते. फक्त "वाडी होती का हो पूर्वी?" एवढा प्रश्न त्यांनाही सुचला नाही आणि मलाही नाही. माझा राग तरीही गेला नाही. असले प्रश्न सुचण्याचाच तर त्यांना पगार मिळतो.

दुसऱ्या दिवशी मूळ गावाचं गाठोडं मागितलं. लाल फडकं इतकं विरलेलं की गाठ सोडताना फाटलं. आत टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या. साताठ फायलींच्या खाली पातळ, पिवळ्या कागदावर टाइप केलेला निवाडा, कार्बनची प्रत, अक्षरं निळसर आणि कडेला फुटलेली. सन 1974. मी बोट ठेवून एकेक नाव वाचत गेलो. सातव्या ओळीवर अण्णांच्या आजोबांचं नाव, अकरा गुंठे, आणि मोबदल्याच्या रकान्यासमोर अंगठा. शाईत त्या अंगठ्याच्या रेषा अजून दिसत होत्या.

आणखी एक खड्डा: निवाड्यात जुने सर्व्हे नंबर असतात, सातबाऱ्यावर आता गट नंबर. दोन्हींचा मेळ जमीन एकत्रीकरणाच्या 9(3) 9(4) च्या उताऱ्यावरून लागतो. तो उताराही मूळ गावाच्याच नावाने मागा, नाहीतर पुन्हा माझ्यासारखी एसटी.

खरं सांगतो, निवाड्याची प्रत खिशात घालून मी गावात शिरलो तेव्हा मला ग्रामसभा हवी होती. चारचौघांत तो अंगठा अण्णांच्या नाकासमोर धरायचा होता. तात्यांनी अडवलं. "तू कोर्टात जिंकायला निघालायस का शेतात पाणी आणायला?" मग आम्ही दोघंच रात्री अण्णांच्या घरी गेलो. अण्णांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला. रक्कम नाही पाहिली, अंगठाच पाहत होते. म्हणाले, "म्हाताऱ्याचा दुसरा काही कागद नाही आमच्याकडे. याची झेरॉक्स मिळंल?" चहा झाला. निघताना त्यांनी एकच मागितलं: चारी मधून गेली की वावराचे दोन तुकडे होतात, ट्रॅक्टर न्यायला मोरी पाहिजे. मागणी रास्त होती. संस्थेच्या वर्गणीतून ह्यूम पाइप आणले, बसवायला अण्णांची दोन्ही मुलं होती. त्यानंतर बाकीच्यांकडे कागद दाखवायची वेळच आली नाही. अण्णांनी दिली म्हटल्यावर उरलेल्या सहा जणांनी आपापला भाग सोडला.

श्रमदानाचं लिहिण्यासारखं खरं तर काहीच नाही. मे महिन्यात, उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, संपल्यावर, अकरा दिवस. रोज चाळीस-पन्नास माणसं, एक जेसीबी, एक पोकलेन. बाभळी मुळासकट काढा, नुसत्या तोडल्या तर श्रावणात पुन्हा उभ्या राहतात. डिझेल आपण भरा आणि तासांची नोंद रोज संध्याकाळी ड्रायव्हरच्या सहीने ठेवा, पैशाचा हिशोब ग्रुपवर टाका. आमच्याकडे नंतर एकाने "खाल्ले असतील" म्हटलं, तर दुसऱ्यानेच त्याला वहीचा फोटो पाठवला.

रब्बीच्या पहिल्या आवर्तनाला पाणी सुटलं आणि रात्री दीडला फोन वाजला: तीन हजार मीटरच्या पुढे भराव गळतोय. खेकड्यांनी पोखरला होता. काळी माती पोत्यांत भरून आम्ही पहाटेपर्यंत भोकं बुजवत होतो. एक बुजवलं की हातभर पुढे दुसरं. अण्णा बॅटरी धरून उभे होते आणि शिव्या घालत होते, खेकड्यांना, आम्हाला आणि कंत्राटदाराला, जो त्यांच्या मते बहात्तर सालीही चोरच होता. पाणी टेलला पोचलं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता. आधी कचरा, पालापाचोळा, एक चप्पल आणि फेस, मागून गढूळ पाणी. पाटकरी बाबांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यांना दिसत नव्हतं, पण चप्पल काढून त्यांनी पाय चारीत सोडले आणि म्हणाले, "कमी आहे. वर कोणीतरी मोटर टाकलीय." टाकली होती.

ते भांडण अजून चालू आहे. कमी-जास्त पत्रकाचा प्रस्तावही त्याच जिल्ह्याच्या कार्यालयात पडून आहे.

मागच्या महिन्यात तिथूनच फोन आला. शेजारच्या एका गावाला त्याच निवाड्याची नक्कल हवी होती आणि गाठोडं पुन्हा सापडत नव्हतं. "तुमच्याकडे झेरॉक्स असेल ना, साहेब? जरा आणून देता का?" अकरा खेपांत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

नेऊन दिली. माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला आणि मगच उठलो.