झूलवाला नंदी, साखरेचा

फाँडंटचा, म्हणजे केकवरच्या मळलेल्या साखरेचा, बैल करायला सगळ्यात वाईट महिना कोणता, तर श्रावण. आणि बैल मागतात तोही श्रावणातच, कारण पोळा त्याच्याच अमावस्येला. त्यात शेजारच्या लेकराचा वाढदिवस यंदा नेमका तान्ह्या पोळ्याला आला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी नंदी घेऊन फिरतात तेव्हा. "काकू, मले केकवर नंदी पाह्यजे. झूलवाला." झालं, ठरलं.

फाँडंट म्हणजे मुळात साखर, अन् साखर हवेतलं पाणी ओढते. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे मे महिन्यात हेच फाँडंट हातातल्या हातात भेगाळतं. झडीत मात्र बोटांना चिकटतं, आणि रात्री उभा केलेला बैल सकाळी बसलेला सापडतो. म्हणून फाँडंट घट्ट करणारी, खायची सीएमसी पावडर हवीच. पाव किलोला एक लहान चमचा मळायची. पाय आधी करून वाळू द्यायचे, मग त्यावर धड. पायांत टूथपिक खुपसतात, पण पोरं थेट तोंडात घालतात. मी कोरड्या स्पॅगेटीचे तुकडे वापरते. सांध्यांना पाण्यात कालवलेली तीच सीएमसी. फ्रिजमध्ये अजिबात ठेवायचा नाही. बाहेर काढला की त्याला घाम फुटतो आणि झुलीचा लाल रंग पोटावर उतरतो.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहिले तर सगळे बैल विलायती. वशिंडच नाही! आमच्याकडचा बैल गवळाऊ: पांढरा, मानेवर-वशिंडावर राखाडी झाक, तोंड लांबट निमुळतं, शिंगं आखूड. इथे पोराटोरांनाही तो ओळखू येतो, तिथे हलगर्जी चालत नाही. वशिंडाचा गोळा वेगळा करून चिकटवला तर टेंगूळ दिसतं. धडातूनच चिमटीने वर ओढायचं आणि अंगठ्याने मानेकडे उतार द्यायचा. राखाडीसाठी काळा जेल कलर टूथपिकच्या टोकावर बसेल तेवढाच. जास्त झाला की म्हैस. शिंगांच्या बेगडीला खायची सोनेरी डस्ट, कपाळावर मठाटी, म्हणजे गोंड्यांची पट्टी. घुंगरमाळेचे मणी साबुदाण्याएवढे, प्रत्येकाला चाकूच्या टोकाने खाच. सगळ्यात जास्त वेळ या माळेनेच खाल्ला.

केक गनाशचा, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या घट्ट थराचा. व्हिप क्रीमवर फाँडंट ओलं होऊन घसरतं, गिऱ्हाईक कितीही म्हणो. नंदी वेगळ्या डब्यातून नेला आणि मेणबत्ती लावायच्या आधी वर बसवला.

पोराच्या आजोबांनी चष्मा लावून तो सगळीकडून न्याहाळला. "गवळाऊच हाय. पन वेसण कायले नाही घातली?"

"बाबाजी, पोरं खातीन तं घशात अडकन ना."

ते पटलेलं दिसलं नाही. पोराने तर नंदी कापूच दिला नाही. केक वाटून होईपर्यंत पोरगा लाकडी नंदी घरी टाकून साखरेचा ताटलीत घेऊन बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ, मागायला निघाला. बोजारा भरपूर मिळाला म्हणे, पण परत येईस्तोवर मागच्या पोरांनी एक शिंग चाटून संपवलं होतं.