चार गोळ्यांची चार कामं

डिसेंबरातली सकाळ. आमच्या नागपूरची थंडी तुम्हाला माहीत आहेच. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली आणि उजव्या हाताची तीन बोटं खडूसारखी पांढरी पडली. मग निळी, मग लालभडक, ठणकणारी. सासूबाई म्हणाल्या, "शेकून घे गं." वर्षभर शेकतच राहिले. शेवटी बोटं सुजून अंगठी निघेना, तेव्हा धंतोलीत संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. निदान: स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा कडक करणारा आणि रक्तवाहिन्या, फुप्फुसं, किडनी यांनाही धरू शकणारा आजार.

मी विचारलं, किती महिन्यांचा कोर्स? डॉक्टर म्हणाले, "ताई, हा आजार मुळातून घालवणारी गोळी अजून नाही. जिथे त्रास, तिथलं औषध."

बोटांसाठी निफेडिपिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, तीही हळूहळू विरघळणारी रिटार्ड गोळी. पुढच्या महिन्यात एका दुकानातून "तेच आहे" म्हणत साधी कॅप्सूल मिळाली. ती घेतली आणि अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी. ओटा धरूनच खाली बसले. बीपी ९०/५०. आता पट्टीवर 'रिटार्ड' वाचल्याशिवाय पैसे देत नाही.

बोटाच्या टोकाला जखम झाली तेव्हा सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, लिहून दिलं. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. तसं करायचं काहीच कारण नव्हतं. ते रक्तवाहिन्या रुंद करतं, माझी जखम त्यावरच भरली.

एचआरसीटीत, म्हणजे फुप्फुसांच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये, तळाशी डाग दिसले, म्हणून प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मायकोफेनोलेट. ५०० मिलिग्रॅमपासून वाढवत दिवसाला २ ग्रॅम. सुरुवातीला मळमळ, दर पंधरा दिवसांनी रक्ततपासणी, आणि फरक जाणवायला सहा महिने. गर्भाला ते घातक, त्यामुळे मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

घशाशी येणाऱ्या आंबटासाठी उपाशीपोटी पँटोप्राझोल. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, आणि रात्रीची संत्री बंद. ते मात्र फार जड गेलं.

सांधे दुखतात म्हणून शेजारच्या काकूंनी त्यांची स्टेरॉइडची गोळी देऊ केली होती. घेतली नाही. या आजारात स्टेरॉइडचा मोठा डोस किडनीवर उलटू शकतो. किडनीवर परिणाम झाला की बीपी चढतं, म्हणून घरी ते मोजते. अचानक वाढलं तर त्याच दिवशी दवाखाना.

पट्टीतून गोळी दाबून काढायला बोटांत जोर नाही. रविवारी रात्री मुलगी आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरून ठेवते. निफेडिपिन उजेडाने खराब होतं, म्हणून ती गोळी पट्टीतच राहते. शाळेत निघताना, दप्तर पाठीवर असतानाच, तेवढी काढून माझ्या तळहातावर ठेवते.