खातेवाटप

नोकरी आणि घर यांचा तोल कसा सांभाळता, हा प्रश्न हल्ली नोकरीच्या मुलाखतीतही विचारतात. विचारणारे साहेब स्वतः रात्री साडेदहाला मेल पाठवतात, हे रुजू झाल्यावर कळतं. उत्तर ठरलेलं असतं: वेळेचं नियोजन, कामांचा प्राधान्यक्रम, वगैरे. खरी गंमत त्या 'वगैरे'त असते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची शेवटची स्ट्रिप चालू आहे, हे ऐन मीटिंगमध्ये आठवणं म्हणजे वगैरे. मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या हिरवा कार्डशीट आणायला सांगितलाय, हे रात्री अकराला वाचणं म्हणजेही वगैरे. प्राधान्यक्रमात हिरवा कार्डशीट कितव्या नंबरावर घ्यायचा, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

कामाचे तास आखून घ्यायची धडपड तशी जुनी. रॉबर्ट ओवेन हा ब्रिटनमधला गिरणीमालक. १८१७ च्या सुमारास त्याने दिवसाचे तीन सारखे भाग पाडले: ८ तास काम, ८ तास विरंगुळा, ८ तास विश्रांती. हे मालकाने म्हणावं, हे विशेषच. १८५६ मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी काम टाकून पार्लमेंटवर मोर्चा नेला आणि पगाराला कात्री न लागता ८ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं ती मागणी लावून धरली होती. पुढे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पहिलावहिला करार केला, तोही कामाच्या तासांवरच: दिवसाला ८, आठवड्याला ४८. रविवारी दुपारी आपण लोळतो त्यामागे एवढी माणसं उभी आहेत. (लोळायला मिळालं तर, हे अर्थात आलंच.)

पण ओवेनसाहेबांचा हिशेब मी जेव्हा जेव्हा मांडून बघते, तेव्हा तो जुळत नाही. आठ, आठ आणि आठ, झाले चोवीस. मग स्वयंपाक कोणत्या आठात? कपडे, भांडी, आजारी माणसाची उशा-पायथ्याची बसउठ, मुलांचा अभ्यास, हे कुठे बसवायचं? झोपेत तर शक्य नाही. म्हणजे विरंगुळ्यातच. हा हिशेब मांडला तेव्हा घरी दुसरं कोणीतरी आहे, हे गृहीतच होतं. ते दुसरं कोणीतरी पुढे स्वतःच नोकरीला लागलं आणि गणितातली चूक उघडी पडली. अर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये तिला नावही दिलं: दुसरी पाळी. पगाराची पाळी संपवून बाई घरी येते ती थेट दुसऱ्या पाळीवर हजर होते.

या दुसऱ्या पाळीचा स्वभाव निराळा आहे. तिथे काम संपत नाही, फक्त थांबवलं जातं. वाळलेले कपडे घड्या घालून कपाटात ठेवले, त्याच क्षणी अंगावरचे मळत असतात. 'घर आवरलं, प्रकल्प पूर्ण झाला, सर्वांचे आभार' असा मेल कुणी कुणाला पाठवलेला ऐकिवात नाही. म्हणून पूर्वी नोकरीचं एक सुख होतं, जे उघडपणे बोललं जायचं नाही. तिथे भोंगा वाजायचा. टेबल आवरलं, दिवा बंद केला, की ते काम उद्यापर्यंत तिथेच पडून राहायचं. घरी येऊन जिन्यात उभं राहून 'काय मॅडम, पाच मिनिटं बोलूया का?' असं ते विचारत नसे.

आता विचारतं. ऑफिस खिशात आलं आणि त्याने घरकामाचा स्वभाव उचलला. एक मेल निपटला की त्याच्यावर दोन उत्तरं. नावापुढचा हिरवा ठिपका दिसला की 'ऑनलाइन दिसतेयस म्हणून विचारते'. कोणीच म्हणत नाही की झालं, आता जा. मी हे एकदा आईजवळ कुरकुरले. ती म्हणाली, "म्हणजे आता तुमचं ऑफिसही घरासारखंच झालं म्हणायचं." तिच्या आवाजात सहानुभूती फारशी नव्हती. जन्मभर भोंग्याविना काम केलेल्या माणसाला ती असावी तरी का?

हे दुखणं सरकारदरबारी पोचलं आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून सुटका कशी द्यायची यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकावरच बंधन घातलं: तातडीचं नसेल तर कामाच्या वेळेबाहेर माणसाला छळू नका. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून साहेबाचा अवेळी आलेला मेल न वाचण्याचा हक्क कायद्याने मिळाला. न वाचणं अवाजवी नसावं, एवढीच अट. त्याच ऑस्ट्रेलियात, जिथे पाथरवटांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी ८ तास मिळवले होते. तेच तास पुन्हा मागून घ्यायची वेळ आली.

कायदे चांगलेच आहेत. पण मोबाइल बंद केल्याने डोकं बंद होत नाही. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला, की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून पडतो आणि दुसरं काम बिघडतं. मुलगी गोष्ट सांगत असते, आपण 'हं, मग?' म्हणत असतो, आणि आत कुठेतरी एक्सेलची शीट उघडी असते. मुलांना हे बरोबर कळतं. मुलगी मधेच थांबून विचारते, "मी काय म्हणाले, सांग." यावर लरॉय यांनीच पुढे एक साधा उपाय सुचवला: काम सोडताना कुठवर आलं आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवायचं. मी उठण्याआधी तेवढं खरडते. बऱ्यापैकी लागू पडतं.

उलट दिशेने मात्र पडत नाही. घर असं दोन ओळींत लिहून मागे ठेवता येत नाही. तिथलं मोठं काम हातांचं नसून लक्षात ठेवण्याचं आहे. वीजबिलाची तारीख, दाताच्या डॉक्टरांची वेळ, आईचा चष्मा, बूट लहान झालेत, मावशींची परवा सुट्टी. 'मी काही मदत करू का?' असं नवरा मनापासून विचारतो, तेव्हा मदतीआधी मला ती यादी वाचून दाखवावी लागते. यादी वाचून दाखवणं हेही एक काम, आणि तेही माझंच. तास निम्मे-निम्मे वाटून घेतलेल्या घरांतही यादी बहुधा एकाच डोक्यात असते. ते डोकं मग मीटिंगमध्ये चष्म्याचा विचार करतं आणि चष्म्याच्या दुकानात मीटिंगचा.

म्हणून आमच्याकडे आता कामं वाटणं बंद करून मंत्रिमंडळासारखं खातेवाटप केलंय. शाळा त्याच्याकडे: ग्रुप, कार्डशीट, पालकसभा, सगळं. आईची औषधं आणि डॉक्टर माझ्याकडे. ज्याचं खातं त्याने स्वतः आठवण ठेवायची, दुसऱ्याने विचारायचं नाही, आणि अवघड भाग म्हणजे, सुधारायचंही नाही. मुलगी एकदा खेळाच्या तासाला नेहमीचे काळे बूट घालून गेली. मी दारात ते पाहिलं आणि दात ओठ खाऊन गप्प राहिले. तिला काही झालं नाही. मला जरा झालं. आठवण वाटून घ्यायची म्हणजे सूत्रं हातातून सोडावी लागतात, आणि यादीचा वैताग असला तरी यादी आपल्याकडे असण्याचा एक तोराही असतो. तो सोडायला ऑफिसच्या फोनपेक्षा जड जातो.

काही गोष्टी अजून कोणाच्याच खात्यात बसलेल्या नाहीत. वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा उद्या 'अकरा ते चारच्या मध्ये कधीतरी' येणार आहे. बँका, दुरुस्तीवाले, दारात आलेली पार्सलं, अख्ख्या जगाचं वेळापत्रक अजून असंच आहे: दिवसभर घरी कुणीतरी असणारच. उद्या माझी साडेअकराला मीटिंग आहे, त्याची दोनला. वाटाघाटी चालू आहेत, आणि मशीन आपल्या खात्यात येत नाही यावर दोन्ही मंत्री ठाम आहेत.