दोरी हलकी लागली तेव्हा

रविवार, रात्री अकरा

हाताचा पेट्रोलचा वास दोनदा साबण लावूनही जाईना. पण आजचं आजच लिहितो. उद्यापासून द्राक्षाच्या खरडछाटणीची माणसं येतील, मग यातलं निम्मं डोक्यातून जाईल.

एटीव्ही, म्हणजे बागेत ओढकामाची चारचाकी छोटी गाडी, पंधरवडाभर सकाळी चालू व्हायला त्रास देत होती. गुरुवारी औषधाची टाकी जोडून ओढ्याचा चढ चढताना अर्ध्यातच दम टाकला. शुक्रवारी चालू करायची दोरी ओढली तर हाताला काही लागलंच नाही. एरवी दोरी एका जागी अडायची. पिस्टन वर येताना हवा दाबली जातेय हे मनगटाला कळायचं. शुक्रवारी ती रिकामी कळशी वर यावी तशी आली. तालुक्याच्या एका मेस्त्रींनी दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, कॉम्प्रेशन गेलं, पिस्टन-रिंग टाकायला लागतील, इंजिन उतरवू. खर्च अठरा हजार.

कॉम्प्रेशन गेलं हे खरं. पण गेलं कुठून? रिंगांच्या कडेनं खाली, व्हॉल्व्हमधून बाहेर, नाहीतर हेड गॅस्केटमधून. हे बघितल्याशिवाय इंजिन उतरवायला माझं मन तयार होईना. या गाडीनं पाच वर्षं बागेत ओढकाम केलंय.

मित्राकडून कॉम्प्रेशन मोजायचा गेज आणला, स्पार्क प्लग काढून तिथं बसवला. सेल्फ मारला, दाब ४५ पौंड. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, थ्रॉटल बंदच होता. आत हवाच गेली नाही तर दाबणार काय? बॅटरीही उतरलेली. चार्ज केलेली बॅटरी लावली, थ्रॉटल पूर्ण दाबून धरला आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारला. ६० पौंड.

आबा बाजल्यावर बसून बघत होते. म्हणाले, "हिला डिकाँप असंल की रं."

मी बघतच राहिलो. आमच्या विहिरीवर पूर्वी डिझेल इंजिन होतं. डोक्यावरची खिट्टी वर धरायची, व्हॉल्व्ह उघडा राहायचा, हँडल हलकं फिरायचं. चाकानं वेग घेतला की खिट्टी सोडायची आणि इंजिन धडधडायला लागायचं. खिट्टी मी धरायचो, हँडल आबा मारायचे. किर्लोस्करवाडी आमच्यापासून जवळ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून या भागात घरटी एखादा फिटर नाहीतर टर्नर निघतो. थोरले चुलते तिथंच टर्नर होते. आबांना यंत्राची भाषा घरातच मिळाली.

गाडीचं पुस्तक काढून बघितलं. आबांचं बरोबर होतं. या गाडीत तीच खिट्टी आपोआप चालते: कॅमशाफ्टवर एक बारीक पिन असते, ती संथ फिरताना एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह किंचित उचलते आणि वेग आला की आत जाते. म्हणून अशा इंजिनाचा सेल्फवरचा आकडा मुळातच कमी येतो. दीडशे पौंडांची अपेक्षा धरून बसलो असतो तर चांगलं इंजिनही खोललं असतं. तरीही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा माझा वीसेक पौंडांनी कमीच होता.

प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि परत मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून काटा वर गेला असता. ६२. म्हणजे रिंगा नव्हेत. एवढ्यानंच अर्धं ओझं उतरलं.

मग पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी फ्लायव्हीलची खूण जुळवली. गाडी गिअरमध्ये टाकली, चाकं अडवली आणि टायरच्या कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडली. ऑइलच्या झाकणाशी कान लावला, शांत. कार्ब्युरेटरशी शांत. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र बारीक, सलग 'सूंऽऽ'. तळहात धरला तर गार वारा लागला, म्हणजे हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पळत होती. आबांनीही वाकून हात धरला आणि नुसती मान हलवली.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जिथं लावतात तिथलं, झाकण काढलं. फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पातसुद्धा एक्झॉस्टच्या बाजूला शिरेना. फट शून्य! इथंच मी इतके दिवस फसलो होतो. टॅपेट सैल झाले की टकटक वाजतात. हे वाजत नव्हते, म्हणून मी ठीक धरून चाललो. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत खोल बसत गेला की फट वाढत नाही, आटत जाते. शेवटी रॉकर त्याला पूर्ण मिटूच देत नाही. त्यात ती पिनही त्याला जास्तच उचलून धरते. गाडी मुकाट्यानं मरत होती.

नट सैल करून, पुस्तकातल्या मापाची पात थोडी अडखळत सरकेल इतका स्क्रू फिरवला. नट आवळताना माप हललं, तीनदा परत करावं लागलं. गेजवर ७८ पौंड.

दुसऱ्या ओढीला चालू झाली. त्याआधी दोरी पूर्वीसारखी एका जागी अडली, तेव्हाच मला कळलं होतं.

सायलेन्सरशी 'सूं' अजून आहे, बारीक. छाटणी झाली की हेड काढून व्हॉल्व्ह पेस्टनं घासून बसवायचा. तोवर दर पंधरा दिवसांनी फट मोजायची. आजची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं कोरली आहे.