तुम्ही विचारलंत म्हणून : माझा वाढदिवस नक्की कधी?

एक जूनला सकाळी सहापासून माझा फोन टुणटुण करायला लागतो. बँक, विम्याचा एजंट, शाळेतले जुने सहकारी, ज्यांना मी कधीकाळी दाखले लिहून दिले ती आता मिशा पांढऱ्या झालेली पोरं, सगळ्यांच्या शुभेच्छा. जुलैच्या शेवटाकडे भाऊ फोन करतो, ‘हॅपी बर्थडे’ म्हणतो आणि ठेवून देतो, कारण त्यापुढे काय बोलावं हे त्याला आजवर सुचलेलं नाही. आणि नागपंचमीला आई पाटाभोवती रांगोळी घालून मला ओवाळते. तिन्ही वेळचे फोटो घरच्या ग्रुपवर पडतात. मग नवी आलेली सून, नाहीतर एखादी मैत्रीण हळूच विचारते, “ताई, तुमचा वाढदिवस नक्की कधी असतो हो?”

इतकी वर्षं मी “कोणताही घ्या, भेटवस्तू चालेल” असं सांगून सुटत आले. आता निवृत्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

एक जून खोटा आहे, हे आधी उरकून टाकू. आमच्या पिढीत ग्रामीण महाराष्ट्रात जितकी माणसं एक जूनला जन्मली तितकी बहुधा उरलेल्या वर्षात मिळूनही जन्मली नसतील. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराचा हात धरून गुरुजींपुढे उभं करायचा. गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. चालू सालातून सहा वजा करायचे आणि रजिस्टरात १ जून लिहायचं. माझा हात पोचला होता. पुढे मीच कराडजवळच्या एका हायस्कुलात क्लार्क झाले आणि जनरल रजिस्टरची जुनी पानं रोजच हाताखालून जायला लागली, तेव्हा ही गंमत पुरती कळली. काही पानांवर तर वरच्या ओळीत एकदा १ जून लिहून खाली नुसत्या ‘—”—’ अशा खुणा. तीस पोरांचा एकच जन्म.

त्याची किंमतही मोजली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे ३१ मे २०२४ रोजी मला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खऱ्या जन्मावर गेले असते तर ३१ जुलैपर्यंत नोकरी होती. दोन महिन्यांचा पगार गुरुजींच्या दौतीत बुडाला. बिचाऱ्यांवर राग नाही, त्यांचा स्वतःचा जन्मही एक जूनचाच होता म्हणे.

आता खरा जन्म. तो आजोळी, घरातच, सुईणीच्या हातून झाला. शुक्रवारी रात्री, म्हणजे मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास. इथूनच घरात दोन पक्ष. वडिलांच्या मनगटावर घड्याळ होतं, त्यांच्या लेखी शनिवार लागला होता. आजीच्या लेखी वार सूर्य उगवल्याशिवाय बदलत नाही, म्हणून मी शुक्रवारची. “लक्ष्मीच्या वारी आली ती,” असं ती ठासून सांगायची. माझ्या हातून पैसा टिकेना तेव्हा वडील म्हणायचे, “बघ, शनिवारचीच.” भाऊ वडिलांच्या पक्षाचा, म्हणून तो तारखेला फोन करतो. ती तारीख इथे लिहीत नाही. ती माझ्या एका पासवर्डात आहे.

आजोबांनी मात्र तारीख, वार काहीच लिहिलं नाही. त्यांच्या दाते पंचांगाच्या शके १८८८च्या अंकात, समासात, शाईच्या पेन्सिलीने एवढंच आहे : ‘अ. श्रा. शु. ५, नात.’ नाव नाही, वेळ नाही. पण ते सुरुवातीचं ‘अ.’ आहे ना, त्याने माझा आयुष्यभर पिच्छा पुरवला.

अ म्हणजे अधिक. मी अधिक श्रावणात जन्मले.

चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दर साल अकरा दिवसांची तूट. ती तशीच साठू दिली तर काही वर्षांत दिवाळी ऐन उन्हाळ्यात येऊन बसेल आणि आकाशकंदिलाखाली आपण आमरस खाऊ. म्हणून सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. कोणता? तर ज्या चांद्रमहिन्यात सूर्य एकही रास ओलांडत नाही तो. आजी सांगायची, “ज्या महिन्याला संक्रांत शिवत नाही, तो धोंडा.” उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्य एकेका राशीत जरा रेंगाळतो, थंडीत भराभर पुढे जातो, म्हणून हा धोंडा बहुधा चैत्र ते आश्विन यांच्याच गळ्यात पडतो. मी १९६६च्या अधिक श्रावणातली. त्यानंतर अधिक श्रावण आला १९७७ साली, मग १९८५, मग २००४, मग २०२३. हिशेब करा. सत्तावन्न वर्षांत माझी तिथी, अगदी ‘अ’सकट, चारदा आली.

मग एरवी काय? आजीकडे उत्तर तयार होतं. अधिकात जन्मलेल्याचा वाढदिवस बाकीच्या वर्षी त्याच नावाच्या साध्या महिन्यात करायचा. म्हणजे श्रावण शुद्ध पंचमीला. म्हणजे, तुमच्या लक्षात आलंच असेल, नागपंचमीला.

लहानपणी मला याचा केवढा अभिमान! गावभर झोके बांधलेले, बायकांच्या हातांवर मेंदी, लेकी माहेरी आलेल्या, पाटावर हळदीचा नाग, पुढे दूध-लाह्या. मला बरीच वर्षं वाटायचं की हे सगळं माझ्यासाठी चाललंय आणि नाग आपला पाहुणा आलाय. पण नागपंचमीची दुसरी बाजू जेवणात होती. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. विळी आडवी करून कोनाड्यात. सगळं उकडलेलं. पुरणाची दिंडं, वर तूप. दिंडं वाईट असतात असं कोण म्हणेल? पण दरवर्षी, न चुकता, वाढदिवसाला दिंडं? वर्गातल्या मुली सांगायच्या, माझ्या वाढदिवसाला पुऱ्या होत्या, माझ्या वाढदिवसाला भजी होती. माझ्या वाढदिवसाला वाफ होती.

आणि मग १९७७ आलं. घरात तोवर कालनिर्णय आलं होतं. ते निघालंच मुळी १९७३ साली. मला वाचता येत होतं, आणि जानेवारीतच मी जुलैचं पान उलटून ‘अधिक श्रावण’ हे शब्द शोधून ठेवले होते. अकरा वर्षांच्या मुलीने इतक्या आतुरतेने धोंड्याच्या महिन्याची वाट पाहिल्याचं दुसरं उदाहरण पंचक्रोशीत नसावं. माझा मुद्दा वकिलाला शोभेल असा होता : अधिकातली पंचमी ही माझी खरी तिथी, आणि ती नागपंचमी नव्हे, कारण सण निज, म्हणजे अधिकानंतरच्या साध्या महिन्यात. तेव्हा विळी खाली काढा. आजीने कालनिर्णय पाहिलं, आजोबांचं पंचांग पाहिलं, शेजारच्या भटजींना विचारून आली. मग म्हणाली, “पोरगी बरोबर बोलतीय.”

त्या दुपारी आईने बटाट्याच्या चकत्या केल्या. विळीच्या पात्यावरून बटाटा उतरताना येणारा तो ओलसर चर्र आवाज आणि मग कढईतला दुसरा, मोठा चर्र. मी चुलीपाशी उकिडवी बसून दोन्ही ऐकले. पावसाची झड लागली होती. किती भजी खाल्ली ते सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाही. आणि महिन्याभराने खरी नागपंचमी आली तेव्हा परत औक्षण, परत दिंडं. एका श्रावणात दोन वाढदिवस.

१९८५चा वाढदिवस कॉलेजात आणि मैत्रिणींत गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण इथे नाही.

२००४ची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मी अडतीस वर्षांची, लग्न होऊन बरीच वर्षं झालेली. आईने फोन केला, “वाढदिवसाला दोघं या, यंदा तुझा अधिक आहे.” मी नवी साडी नेसून गेले. दारात पाऊल टाकलं तर पाट एकच, चांदीचं ताट एकच, आणि त्यावर तेहतीस अनारसे. अधिक महिना! जावयाचा महिना! आमचे हे पाटावर बसले, आईने त्यांना ओवाळलं, अनारसे दिले, पोषाख केला. हे इतके लाजले की मला त्यांच्या लग्नातला चेहरा आठवला. मी बाजूला उभी. शेवटी यांनीच एक अनारसा उचलून मला दिला आणि म्हणाले, “वाढदिवसाच्या शुभेच्छा.” उरलेले बत्तीस डब्यातून घरी आले आणि पुढचे आठ दिवस ते रोज मोजत होते. माझं त्यांच्यावर लक्ष नव्हतं, त्यांचं माझ्यावर होतं.

तेहतीसच का, असं मी आईला विचारलं होतं. “तेहतीस कोटी देव,” ती म्हणाली. माझ्यातल्या क्लार्कला वाटतं, अकरा दिवस गुणिले तीन वर्षं. दोन्ही खरं असू द्यावं. अनारशाला काय फरक पडतो?

आमच्या शेजारच्या चाचींना हे सगळं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडावर धरून हसल्या. त्यांच्या कॅलेंडरात जास्तीचा महिना नाहीच, म्हणून त्यांची ईद दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे येते आणि एका आयुष्यात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळे फिरून होतात. चाची म्हणाल्या, “आम्ही चांदच्या मागनं जातो. तुम्ही दर तीन वर्षांनी त्याला दारात उभा करता, थांब बाबा, सूर्य येऊ दे.” याहून सोप्या शब्दांत अधिक महिना मला कुणीही समजावलेला नाही. त्यांच्या हिशेबाने सूर्याची तेहतीस वर्षं म्हणजे चंद्राची चौतीस. त्यामुळे चाचींच्या चंद्राने मी केव्हाच साठी ओलांडली आहे. हे त्या मला मुद्दाम आठवण करून देतात.

कुणी म्हणेल, एवढा घोळ कशाला, एक तारीख धरा आणि मोकळे व्हा. अहो, महाराजांची जयंती आपण १९ फेब्रुवारीलाही करतो आणि फाल्गुन वद्य तृतीयेलाही करतो, दोन्हीकडे ढोल तेवढेच वाजतात. मग एका निवृत्त क्लार्कने तीनदा ओवाळून घेतलं तर कुठे बिघडलं? शिवाय २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. म्हणजे माझा तो खोटा एक जूनसुद्धा अधिकात सापडला. कालनिर्णयाची पानं चाळताना ते दिसलं आणि मला एकटीलाच हसू आवरेना.

राहिला २०२३चा. त्या वर्षी दोन श्रावण म्हटल्यावर आमच्या घरात पहिली चिंता माझ्या वाढदिवसाची नव्हतीच, “दोन महिने मटण बंद का?” ही होती. श्रावण पाळायचा तो निज महिन्यातला, असं मी जाहीर केल्यावर जावई आणि सासरे यांनी एकमेकांकडे जे पाहिलं, त्या प्रेमाने त्यांनी आम्हा मायलेकींकडे कधी पाहिलेलं नाही. एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमहिने जवळजवळ नेमके बसतात, म्हणून १९८५, २००४ आणि २०२३ला माझी तारीख आणि माझी तिथी एखाद्या दिवसाच्या अंतरावर आल्या होत्या. भाऊ आणि आई, दोन्ही पक्ष एकाच घरात, एकाच दुपारी. अधिकातली पंचमी, म्हणजे सुरी चालणार. लेकीने केक आणला. आईने बटाट्याची भजी केली. तिचा हात आता कापतो, म्हणून चकत्या मी केल्या, पण कढईपाशी कुणाला येऊ दिलं नाही तिने.

औक्षण झाल्यावर आई म्हणाली, “तुझ्या खऱ्या तिथीने आज तुला चार पूर्ण झाली.” हे ऐकून माझी नात खेळता खेळता थांबली. तिला जूनमध्येच पाच पूर्ण झाली होती, आणि एक तारखेला नव्हे, हे नमूद करते. तिने बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग पाटासमोर येऊन, दोन्ही हात कमरेवर ठेवून, एक पाय जरा पुढे करून उभी राहिली.

“आजी,” ती म्हणाली, “मी मोठी आहे. पाया पड.”

गुडघे दुखतात हल्ली. तरी वाकले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि “शहाणी हो” असा आशीर्वाद दिला.